घराचं मुद्दल जागच्या जागी, गाळ्याचा हप्ता चालू : इंदूरच्या एका छापखान्याचं प्रकरण

लोकमान्य नगरात स्वतःचं दुमजली घर, राजवाड्याजवळच्या एका गल्लीत स्वतःचा गाळा, गाळ्यात ऑफसेट छापखाना. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या डायऱ्या, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, आणि निवडणूक आली की पत्रकं. मालकांचं वय 60. ओळख पटू नये म्हणून त्यांना इथं भाऊ म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी सासरी. रकमा गोल केल्या आहेत, पण पुढचं गणित त्या गोल रकमांवर नीट केलेलं आहे. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो. ओळखीतली माणसं अधूनमधून कागदांची पिशवी घेऊन येतात. नोव्हेंबर 2025 मध्ये हे दोघं आले, ते तसेच.

पिशवीत दोन कर्जं होती.

एक घरावरचं ओव्हरड्राफ्ट (ओडी), म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे उचलायचं आणि भरायचं खातं. 2016 मध्ये 25 लाखांची मर्यादा, 2019 मध्ये वाढवून 35 लाख. घर दोघांच्या नावावर, मूळ रजिस्ट्री बँकेत. दर सध्या 10 टक्के. या कर्जात मुद्दलाचा हप्ता नसतो. महिनाअखेर व्याज खात्यात नावे पडतं, तेवढं भरलं की महिना सुटतो, आणि वर्षातून एकदा बँक नूतनीकरण करते. खात्यावर 33.5 लाख उचललेले होते, महिन्याचं व्याज सुमारे 27,900 रुपये.

दुसरं गाळ्यावरचं. जुलै 2022 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली आणि छापखान्याला काम पुरून उरलं. पुढच्या वर्षी विधानसभा, त्यानंतर लोकसभा, असा अंदाज बांधून भाऊंनी जुनं चाररंगी मशीन घेतलं. ओडी खातं तेव्हाही जवळजवळ काठोकाठ होतं, म्हणून एका फायनान्स कंपनीकडे गाळा तारण ठेवून 12 लाख काढले. 14 टक्के स्थिर दर, सात वर्षं, हप्ता 22,488. 36 हप्ते फिटले होते आणि 8.23 लाख बाकी होते. अंदाज अर्धाच खरा ठरला. विधानसभेला काम मिळालं, पण 2024 च्या लोकसभेला इंदुरात काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्जच मागे घेतला. नोटाला दोन लाखांवर मतं पडली ती हीच निवडणूक. लढतच नाही, तर पत्रकं कोण छापून घेणार?

तरीही दोन्ही मिळून महिन्याला 50,400 जात होते आणि घरखर्च वजा करून भाऊंकडे कर्जासाठी 55,000 निघत होते. एकही हप्ता चुकलेला नव्हता. आले ते बँकेच्या पत्रामुळे. फेब्रुवारी 2026 च्या नूतनीकरणाला मर्यादा आहे तशी राहणार नाही. खात्यातली उलाढाल घटली आहे, कर्जदार साठीला आले आहेत, सबब 35 लाखांची मर्यादा दहा वर्षांत दरमहा सारखी उतरत जाईल. बँकेच्या भाषेत ड्रॉपलाइन.

"साहेब, नऊ वर्षांत बँकेनं कधी मुद्दल मागितलंच नाही न!" भाऊ म्हणाले.

मागितलं नव्हतं हे खरं. पण दरवर्षीच्या मंजुरीपत्रावर "मागणी करताच परतफेड" असं छापलेलं होतं आणि खाली दोघांच्या सह्या होत्या. वहिनींना आपण नेमकं कशाला सही करतो हे माहीत नव्हतं. घरात निम्मा हिस्सा त्यांचा, म्हणजे तारणही निम्मं त्यांचंच. अशा बैठकीला मी बायकोला आवर्जून बोलावतो, कारण नवऱ्यानं न सांगितलेल्या दोन गोष्टी हमखास तिथंच निघतात. इथंही निघाल्या.

पत्राचा अर्थ रुपयांत

मर्यादा दरमहा 29,167 नं उतरणार, म्हणजे साधारण तेवढं मुद्दल दरमहा भरायचं, वर व्याज 27,900. एकट्या घराच्या कर्जाचे 57,000, त्यात गाळ्याचे 22,488. पहिल्या महिन्यालाच साडेएकोणऐंशी हजार. खिशात 55,000.

ड्रॉपलाइनमध्ये मुद्दल सारखं आणि व्याज घटतं, त्यामुळे सगळा भार सुरुवातीला येतो. हप्त्याच्या कर्जात उलट, सुरुवातीला व्याज जास्त आणि मुद्दल थोडं, पण हप्ता सारखा. 35 लाखांचं दहा वर्षांचं हप्त्याचं कर्ज 10 टक्क्यांनी घेतलं तर 46,253 पडतात. गाळ्याचे धरून 68,741. तरीही खिशाबाहेरच.

न भरता तसंच राहू दिलं तर काय, हेही त्यांना स्पष्ट सांगितलं. ओव्हरड्राफ्ट खातं सलग 90 दिवस मर्यादेच्या वर राहिलं, किंवा 90 दिवसांत त्यात जमा झालेली रक्कम व्याजालाही पुरली नाही, तर ते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत (एनपीए) ठरतं. त्यानंतर सरफेसी कायद्याची (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस, मग घराचा ताबा. दाद मागायची तर कर्जवसुली न्यायाधिकरण जबलपूरला. मर्यादा दरमहा खाली सरकत असताना वर राहणं फार सोपं असतं. काहीच न करता माणूस मर्यादेबाहेर जातो.

खात्याचा तळ

मी गेल्या तीन वर्षांचा उतारा छापून आणायला सांगितला होता. चांगला जाडजूड गठ्ठा झाला. भाऊंच्याच छापखान्यातला पिवळा मार्कर घेऊन दर महिन्याची सर्वांत कमी शिल्लक, म्हणजे उचललेली रक्कम सर्वांत खाली आली तो आकडा, रंगवायला लावली. सर्वांत जास्त उचल किती याकडे सगळेच बघतात. मला बघायचं होतं की खातं खाली कुठवर येतं. लग्नसराईत पैसे येतात तेव्हा तरी 25 वर उतरतं का? 28 वर?

उतरतच नव्हतं. पानामागून पान पिवळ्या रेघेखाली 32.8, 33.1, 32.6. सगळ्यात खालचा आकडा 31.9 लाख, तोही जून महिन्यात, शाळेच्या डायऱ्यांचे पैसे आल्यावर चार दिवस.

म्हणजे 35 लाखांचं खेळतं भांडवल असं ज्याला ते म्हणत होते, त्यातले खेळते फक्त दोन-तीन लाख. बाकीचे तळाशी बसलेले. बँकेच्या जुन्या भाषेत याला खात्याचा हार्डकोअर भाग म्हणतात. आणि तळाशी बसलेली रक्कम म्हणजे हप्ता न लावलेलं मुदत कर्जच. नऊ वर्षांतल्या शेवटच्या पाचांत भाऊंनी साधारण साडेसतरा लाख व्याज भरलं होतं आणि मुद्दल जिथं होतं तिथंच.

ती रक्कम गेली कुठं? 2016 मध्ये 17 लाखांचं पहिलं मशीन. 2018 मध्ये मुलीच्या लग्नाचे 8 लाख. हे वहिनींनी सांगितलं, भाऊंनी "धंद्यासाठीच" म्हटलं होतं. 2020 च्या टाळेबंदीत कामगारांचे पगार आणि घरखर्च, बाकी किरकोळ. यात करासाठीही एक अडचण आहे. धंद्यात वापरलेल्या पैशाचं व्याज खर्चात धरता येतं, लग्नाच्या 8 लाखांवरचं धरता येत नाही. त्यांच्या सीएंना हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून सगळं व्याज खर्चात जात होतं. तो भाग वेगळा काढायला सांगून आम्ही पुढे गेलो.

उलाढाल का घटली, त्याचं कारण मात्र छापखान्याच्या गल्ल्यावर चिकटवलेलं होतं. निम्मी गिऱ्हाइकं क्यूआर स्कॅन करून पैसे देतात, आणि तो क्यूआर वहिनींच्या दुसऱ्या बँकेतल्या बचत खात्याचा. ही दुसरी गोष्ट. मुलानं दिवाळीत येऊन हौसेनं लावून दिला होता. ओडी देणाऱ्या बँकेला धंदा बसत चाललेला दिसत होता, कारण तिला दिसतं ते तिच्या खात्यातूनच. निवडणुकीचं बरंचसं काम रोखीत झालं, तेही दिसलं नाही. क्यूआर त्याच आठवड्यात बदलला.

आठ लाख कुठं टाकायचे

घरात मोकळं होण्याजोगं काय आहे? सात-साडेसात लाखांच्या मुदत ठेवी वेगवेगळ्या पावत्यांत. ऑगस्ट 2026 मध्ये पिकणारी चार लाखांच्या आसपासची एलआयसी पॉलिसी. आणि वहिनींचं सोनं.

भाऊंचा ओढा ठेवी मोडून ओडी खात्यात टाकण्याकडे होता. घर तारण आहे, घर आधी सोडवू, आणि लागले तर तिथून पुन्हा उचलता येतील. भावना समजते, पण नूतनीकरण तोंडावर असताना हा शेवटचा मुद्दाच धोक्याचा. बँक मर्यादा ठरवताना प्रत्यक्ष वापर बघते. सहा लाख आत टाकून वापर 27.5 वर आणला की "एवढंच लागतं ना" म्हणून मर्यादाही तिथंच आणणं तिला सोयीचं. मग टाकलेले पैसे परत उचलण्याची सोय गेली.

गाळ्याचं कर्ज महाग, 14 टक्के, म्हणून ते आधी फेडा, असं कुणीही सांगेल. उत्तर बरोबर, पण माझ्या मते कारण अपुरं. दरातला फरक चार टक्के. खरा फरक महिन्याच्या मोकळ्या जागेत आहे. ओडी खात्यात एक लाख टाकला तर महिन्याला 833 रुपये सुटतात. गाळ्याच्या कर्जात, ते पूर्ण बंद होणार असेल तर, प्रत्येक लाखामागे 2,700 च्या वर सुटतात. 8.23 लाखांत 22,488 चा अख्खा हप्ता मोकळा. ज्याच्या घराच्या कर्जाला मुद्दलाची तारीख लागली आहे त्याला पहिली निकड या जागेची. दोन्ही दर सारखे असते तरी मी हेच म्हटलं असतं. अर्धवट भरून मात्र हा फायदा मिळत नाही. चार लाख भरले आणि कंपनीनं हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, तर फेब्रुवारीच्या महिन्यात काहीच हलकं झालं नाही.

आणखी एक सूचना बँकेच्याच शाखेतून आली. दोन्ही कर्जं एकत्र करा, मुलाला सहकर्जदार घ्या, 15 वर्षांची मुदत मिळेल. 41.73 लाखांचा हप्ता 44,843. ऐकायला सगळ्यात गोड. पण गाळ्याच्या 8.23 लाखांचं त्यात काय होतं बघा. आहे तसं चार वर्षांत फेडलं तर 14 टक्क्यांनी उरलेलं व्याज 2.56 लाख. 10 टक्क्यांनी 15 वर्षांवर ताणलं तर 7.69 लाख. दर चार टक्क्यांनी कमी आणि व्याज तिप्पट. शिवाय आज दोन कर्जं दोन ठिकाणी आहेत. एकाच बँकेत दोन्ही गेली की वर्गीकरण कर्जदारावरून होतं, खात्यावरून नाही. एक थकलं की दुसरंही अनुत्पादक, आणि घर व गाळा दोन्ही एकाच दाराशी.

मुलाचा प्रश्न याहून नाजूक होता. त्याला पुण्यात फ्लॅट घ्यायचा आहे. वडिलांच्या कर्जाला सहकर्जदार झाला की ते कर्ज त्याच्या सिबिलमध्ये, म्हणजे कर्जांच्या नोंदींत, दिसणार आणि त्याची स्वतःची गृहकर्जाची पात्रता तेवढी कापली जाणार. जामीनदार झाला तरी नोंद येतेच. फोनवर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो." भाऊंना तेवढंच हवं होतं. वहिनींना नको होतं. मी हिशेब मांडला तो वहिनींच्या बाजूनं निघाला, म्हणून वाद वाढला नाही.

सोन्यावर मात्र वाद झाला. भाऊंचं म्हणणं, आठ लाखांचं सुवर्णकर्ज काढू, गाळा सोडवू, ठेवी राहू देत.

"माझ्या पाटल्या या हिशेबात धरायच्या नाहीत," वहिनी म्हणाल्या. "एक व्याजाचं कर्ज फेडायला दुसरं व्याजाचं कर्ज?"

नेमकं बोलल्या. एकरकमी परतफेडीचं सुवर्णकर्ज जास्तीत जास्त 12 महिन्यांचं असतं. शेवटी मुद्दल एकदम द्यायचं. म्हणजे ज्या दुखण्यावर औषध शोधतोय तेच पुन्हा, फक्त मुदत एका वर्षाची. आणि ते ओडीच्याच बँकेतून घेतलं असतं तर आणखी एक मेख होती. भारतीय करार कायद्याच्या कलम 171 नुसार बँकेला सर्वसाधारण धारणाधिकार असतो. सोन्याचं कर्ज फिटलं तरी दुसऱ्या खात्याच्या थकबाकीपोटी बँक सोनं अडवून धरू शकते. पाटल्या बाजूला ठेवल्या.

जे ठरलं

बँकेकडे उलट प्रस्ताव नेला. 35 लाख एकाच साच्यात नकोत. तळाशी बसलेल्यातले 30 लाख हप्त्याच्या मुदत कर्जात टाका, दहा वर्षं, म्हणजे भाऊंच्या सत्तरीपर्यंत. 5 लाखांचं ओव्हरड्राफ्ट खेळतं भांडवल म्हणून ठेवा, कारण छापखान्याला मे महिन्यात कागद उधारीवर मिळत नाही. सहकर्जदार वहिनी, कारण तारणात त्या आहेतच. मुलगा नको. सोबत पिवळ्या रेघांचा उतारा, वहिनींच्या बचत खात्याचा उतारा (म्हणजे क्यूआरवरून आलेली खरी विक्री), आणि गाळ्याचं कर्ज बंद करण्याची लेखी तयारी. शेवटचा कागद सगळ्यात उपयोगी पडला. महिना 22,488 चा बोजा जाणार म्हटल्यावर मॅनेजरची मान हलली.

हिशेब असा. 30 लाखांचा हप्ता 39,645. ओडीत उरलेल्या 3.5 लाखांचं व्याज सुमारे 2,900. एकूण 42,600 च्या आत. आधी 50,400 भरत होते आणि घराचं मुद्दल हलत नव्हतं. आता पहिल्याच हप्त्यात 14,645 मुद्दलात जातात. 15 वर्षांची आणि मुलाच्या सहीची गरजच उरली नाही.

क्रम मी हट्टानं पाळायला लावला. आधी बँकेचं मंजुरीपत्र हातात, मग ठेवी मोडायच्या. उलट केलं असतं आणि बँकेनं ऐनवेळी ड्रॉपलाइनचाच आग्रह धरला असता, तर ठेवी गेलेल्या आणि घराचे 57,000 समोर.

मंजुरी जानेवारीत घ्यायची, डिसेंबरात नाही, हेही ठरवून केलं. रिझर्व्ह बँकेच्या 2 जुलै 2025 च्या निर्देशांनुसार, 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर, ती धंद्यासाठी असली तरी, व्यक्तींना आणि सूक्ष्म व लघु उद्योगांना व्यापारी बँका मुदतपूर्व परतफेडीचा आकार लावू शकत नाहीत. भाऊंना पुढे डायऱ्यांच्या हंगामात लाख-पन्नास हजार जादा भरायचे आहेत, तेव्हा हा महिनाभराचा धीर फुकट नव्हता.

फायनान्स कंपनीचं कर्ज 2022 चं आणि स्थिर दराचं, त्याला ही सवलत नाही. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना उसने देते तो दर) 6.50 वरून 5.50 वर आला तेव्हा घराच्या कर्जाचा दर 11 वरून 10 झाला होता, पण गाळ्याचे 14 ते 14 च राहिले. करारात मुदतपूर्व बंद करण्याचा आकार 4 टक्के, वर 18 टक्के जीएसटी. जानेवारीचा हप्ता गेल्यावर बाकी 7.84 लाख, आकार सुमारे 37,000, एकूण 8.21 लाख. भाऊंना हे 37,000 फार लागले. पण उरलेल्या 45 हप्त्यांतलं व्याज 2.28 लाख होतं, त्यापुढे ही रक्कम सोसण्यासारखी आहे.

पैसे असे उभे राहिले. ठेवींपैकी सहा लाख मोडले, दीड लाखाची पावती दवाखान्यासाठी तशीच ठेवली. उरलेले 2.21 लाख एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज काढून. चालू पॉलिसीवर सरेंडर मूल्याच्या (पॉलिसी मध्येच सोडली तर मिळणाऱ्या रकमेच्या) 90 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, आणि ऑगस्टमध्ये पॉलिसी पिकेल तेव्हा ते व्याजासकट त्यातूनच वळतं होईल. हेही व्याजाचंच कर्ज, हे वहिनींनी लगेच दाखवून दिलं. फरक एवढाच की याच्या परतफेडीची रक्कम आणि तारीख दोन्ही आधीच छापलेल्या आहेत.

या मांडणीची दुबळी बाजू मला दिसते. ऑगस्टपर्यंत भाऊंच्या हाताशी दीड लाखाची ठेव आणि ओडीतले दीड लाख एवढंच आहे. मशीनचा रोलर गेला किंवा एखाद्या शाळेनं बिल लांबवलं तर ओढाताण होईल. दुसरा सुरक्षित रस्ता असता तर मी तो घेतला असता. 55,000 आणि 42,600 मधला फरक, महिना बारा हजार, म्हणून वेगळ्या आवर्ती ठेवीत जातो. त्याला ऑगस्टपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलंय.

गाळ्याचे मूळ कागद मिळायला थोडी ओढाताण झाली. कंपनीच्या शाखेत "मुख्य कार्यालयातून यायचे आहेत" हे ठरलेलं उत्तर. पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत कागद परत करून तारणाची नोंद काढायची, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2023 चा नियम फायनान्स कंपन्यांनाही लागू आहे, पण तो वैयक्तिक कर्जांसाठीचा; धंद्याच्या कर्जाला लागू पडेलच असं नाही. भाऊंनी तो एका ओळीच्या ईमेलमध्ये लिहून पाठवला आणि मुदतीच्या आत कागद आले. सेर्साईवरची (तारणांच्या केंद्रीय नोंदणीतली) नोंद उतरली का, हे मात्र स्वतः बघून घ्यावं लागलं.

कागद घरी आले त्याच आठवड्यात बँकेच्या मॅनेजरनी सहज विचारावं तसं विचारलं, गाळाही जादा तारण म्हणून देता का, पुढच्या वर्षी ओडी वाढवून देता येईल. भाऊ माझ्याकडे बघायला लागले. उत्तर वहिनींनी दिलं, "नको." मंजुरीपत्रात त्याची अट नव्हती, त्यामुळे विषय तिथंच संपला. फेब्रुवारी 2027 च्या नूतनीकरणाला बँक आता फक्त 5 लाखांच्या खात्याकडे बघेल, आणि त्या उताऱ्यावर दर महिन्याची खालची शिल्लक वहिनी आत्तापासूनच पिवळी करून ठेवतात.